उत्तराला एक गुण, ‘कशावरून’ला दोन

गावात सामान्य ज्ञान स्पर्धा घेणाऱ्यांसाठी

‘मंडई म्हणजे काय?’ असा प्रश्न होता. शारदोत्सवात आमच्या दिघोरीला मुलांची सामान्य ज्ञान स्पर्धा चालली होती आणि प्रश्न विचारायला मी उभा होतो. सहावीतल्या एका मुलीने हात वर केला. ‘दिवारी झाली का भरते ते. राती दंडार रायते, नाटक रायते.’ माझ्या हातातल्या विकतच्या पुस्तकात उत्तर छापले होते, ‘भाजी विकण्याची जागा’. मी एकदा पुस्तकाकडे पाहिले, एकदा मुलीकडे पाहिले आणि ‘चूक’ म्हणालो. मंडपात हशा पिकला. लोक कोणाला हसले ते मला घरी गेल्यावर कळले.

पुण्यात मंडई म्हणजे भाजीबाजार, हे खरेच आहे. पण भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या झाडीपट्टीत मंडई म्हणजे दिवाळीनंतर गावोगाव भरणारा मेळा. लेकीबाळी माहेरी येतात, दिवसा दुकाने लागतात, रात्री दंडार नाहीतर झाडीपट्टीचे नाटक उजाडेपर्यंत चालते. मुलीचे उत्तर पक्के होते, कच्चा होता तो माझा प्रश्न. शिवाय ते उत्तर तिने डोळ्यांनी पाहिलेले होते आणि मी फक्त वाचलेले.

तेव्हापासून आम्ही एक नियम केला. बरोबर उत्तराला एक गुण आणि ‘कशावरून?’ याच्या उत्तराला दोन. एवढ्या बदलाने स्पर्धेचा रंगच पालटला. पाठांतर करून येणारी मुले जरा अडखळू लागली आणि मागे बसणारी, गप्प राहणारी पोरे पुढे सरकली. गणपती, शारदा, मंडई, २६ जानेवारी, ग्रामपंचायतीची अभ्यासिका, कुठेही अशी स्पर्धा घेता येते. ती कशी घ्यावी, प्रश्न कसे निवडावेत आणि कोणत्या प्रश्नांत हमखास पाय घसरतो, ते पुढे देत आहे.

आधी प्रश्न वेगवेगळे करा

सगळे प्रश्न एका माळेचे मणी नसतात. आम्ही प्रश्न लिहिलेल्या चिठ्ठ्या तीन डब्यांत टाकतो. पहिल्या डब्यात मोजून किंवा बघून पडताळता येतील असे प्रश्न जातात, म्हणजे बहुतेक विज्ञान. दुसऱ्यात कागद लागणारे प्रश्न, म्हणजे इतिहास, राज्यघटना, सीमा, सनावळ्या. तिसऱ्यात गावागणिक उत्तर बदलणारे प्रश्न, म्हणजे सणवार, चालीरीती, बोलीतले शब्द. ‘कशावरून?’ हा प्रश्न तिन्ही डब्यांना लागू पडतो, पण पुरावा प्रत्येकाचा वेगळा. पहिल्या डब्याला दोरी, काठी आणि डोळे पुरतात. दुसऱ्याला दस्तऐवज लागतो. तिसऱ्याला आजीला विचारावे लागते आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या आजीलाही. माझी चूक हीच झाली होती, की तिसऱ्या डब्यातला प्रश्न मी दुसऱ्या डब्याच्या काट्याने तोलला.

पहिला डबा : मोजा, मग बोला

‘आकाशात सर्वांत तेजस्वी तारा कोणता?’ दहातली सात मुले ‘ध्रुव’ म्हणतात. गोष्टीतल्या ध्रुवाला अढळपद मिळाले, म्हणून तो सर्वांत तेजस्वीही असणार असा समज. रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा आहे व्याध. ध्रुव पहिल्या चाळिसांतही बसत नाही. हे सांगून थांबू नका, मुलांना बांधाच्या पाळीवर न्या. हात सरळ लांब करून मूठ धरली की मुठीची रुंदी आकाशात सुमारे १० अंश भरते. दिघोरी सुमारे २१ अक्षांशावर आहे, म्हणून ध्रुव क्षितिजापासून सुमारे २१ अंश वर दिसतो. उत्तरेला तोंड करा, क्षितिजावर एक मूठ, तिच्यावर दुसरी मूठ ठेवा. दुसऱ्या मुठीच्या किंचित वर जो मध्यम तेजाचा, एकटा तारा दिसेल तो ध्रुव. आपल्या गावाचा अक्षांश असा दोन मुठींत मोजलेले मूल तो जन्मात विसरत नाही.

‘दुपारी १२ वाजता सावली नाहीशी होते’ हेही असेच. रोज होत नाही. आपल्याकडे सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो वर्षातून दोनदाच, २५ मेच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या मध्यानंतर. जुलैत ढग असतात, म्हणून मे महिना धरा. अंगणात सरळ काठी रोवा. घड्याळात १२ वाजून गेल्यावर पाच-दहा मिनिटांत काठीची सावली पायाशी विरते. १२ च्या ठोक्याला का नाही? भारताची वेळ ठरते ती ८२.५ पूर्व रेखांशावरून आणि आपण त्याच्या पश्चिमेला आहोत, म्हणून. सांगली-कोल्हापूरच्या मुलांसाठी तारीख वेगळी येईल. जसजसे दक्षिणेकडे जाल तसतसा तो दिवस मे महिन्यात अलीकडे सरकतो. म्हणून प्रश्नात गावाचे नाव घालायला विसरू नका.

‘उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते’ हा समज तर मोठ्यांमध्येही पक्का रुतला आहे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. त्या दिवसांत आपण शेकोटीपाशी बसलेले असतो. जुलैच्या सुरुवातीला ती सर्वांत दूर, सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर असते. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे. पुरावा मागाल तर ऑस्ट्रेलियातला क्रिकेटचा सामना आठवा. डिसेंबरात इकडे स्वेटर आणि तिकडे भर उन्हाळा. अंतर हे कारण असते, तर साऱ्या पृथ्वीवर एकाच वेळी उन्हाळा आला असता.

कोजागिरीला दूध आटेपर्यंत लोक मोकळे असतात, तेव्हा हे दोन प्रश्न टाका. पहिला, पौर्णिमेचा चंद्र मध्यरात्री उगवू शकतो का? नाही. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो, म्हणून सूर्य मावळतो त्याच सुमारास तो उगवतो आणि मध्यरात्री डोक्याच्या आसपास येतो. दुसरा, उगवताना चंद्र मोठा असतो का? दिसतो मोठा, असतो तेवढाच. वहीच्या कागदाची बारीक सुरळी करून तिच्यातून उगवता चंद्र पाहा आणि दोन-तीन तासांनी त्याच सुरळीतून पुन्हा पाहा. झाडे, घरे दिसेनाशी झाली की ‘मोठेपण’ही जाते.

या डब्यातले दोन प्रश्न मात्र जिवाशी गाठ असलेले आहेत. ते दरवर्षी विचाराच.

नागपंचमीला नाग दूध पितो का? साप सरपटणारा प्राणी आहे, दूध हे त्याचे अन्न नाही. खेळ करणारे त्याला आधी बरेच दिवस पाण्यावाचून ठेवतात, म्हणून समोर आलेल्या वाटीत तो तोंड घालतो. पुंगीच्या सुरावरही तो डुलत नाही. हलत्या पुंगीवर नजर ठेवून तो अंग वळवतो. त्याला बाहेरचा कान नाही, पण जमिनीची कंपने जबड्याच्या हाडातून आतल्या कानापर्यंत पोचतात. हे झाले ज्ञान. त्याच्या जोडीला, धानाच्या मुलखात राहणाऱ्याला ‘साप चावला तर काय?’ हे आलेच पाहिजे. चिरा देऊ नये, रक्त चोखू नये, दोरी आवळून बांधू नये. चावलेला हात किंवा पाय हलू न देता माणसाला धीर देत, सापाचे औषध असलेल्या दवाखान्यात न्यावे, १०८ ला फोन करावा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालते, म्हणून साप ओळखता आला नाही तरी वेळ दवडू नये. मण्यार रात्री चावते, बऱ्याचदा दुखतही नाही, म्हणून जमिनीवर न झोपता खाटेवर मच्छरदाणी लावून झोपावे. या उत्तराला आम्ही तीनऐवजी पाच गुण देतो.

दुसरा प्रश्न विजेचा. रोवणीच्या दिवसांत माणसे दिवसभर बांधीत वाकलेली असतात. पाऊस आला की मोहाच्या झाडाखाली धावतात, आणि नेमके तेच करू नये. वीज एकदा पडली त्या जागी पुन्हा पडत नाही, हे खोटे. उंच झाड, मनोरा यांवर ती पुन्हा पुन्हा पडते. विजेने पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहतो, हेही खोटे. त्याला लगेच हात लावावा, श्वास पाहावा, मदत करावी. अंतर काढायचे असेल तर चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा आणि तिनाने भागा, उत्तर किलोमीटरमध्ये येते. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, तर बांधीतून निघून पक्क्या घरात जा.

दुसरा डबा : कागद दाखवा

इतिहासाच्या प्रश्नांत सर्वांत जास्त भांडणे होतात, कारण प्रत्येकाने कुठेतरी काहीतरी ऐकलेले असते. एक नमुना सविस्तर देतो. हा प्रश्न आम्ही मोठ्या गटासाठी राखून ठेवतो.

‘पानिपतची तिसरी लढाई कोणत्या सणाच्या दिवशी झाली?’ उत्तर येते, ‘मकरसंक्रांत’. भाषणांत तसे ऐकू येते, आणि ‘संक्रांत ओढवली’ हा वाक्प्रचार जिभेवर असल्याने ते मनाला पटतेही. लढाई झाली १४ जानेवारी १७६१ ला, त्या दिवशी पौष शुद्ध अष्टमी होती. प्रश्न असा, की १७६१ साली संक्रांत १४ जानेवारीला होती का?

हे गणित फळ्यावर करा. संक्रांत मोजली जाते ताऱ्यांच्या हिशेबाने, म्हणजे सूर्य मकर राशीत शिरतो तो क्षण. आपले इंग्रजी कॅलेंडर चालते ऋतूंच्या हिशेबाने. ताऱ्यांचे वर्ष या कॅलेंडरच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठे आहे. दिवसाची मिनिटे १४४०. १४४० ला २० ने भागले की ७२. म्हणजे दर ७२ वर्षांनी संक्रांत सुमारे एक दिवस पुढे सरकते. २०२१ साली ती १४ जानेवारीला होती. १७६१ त्याच्या २६० वर्षे आधी. २६० भागिले ७२, म्हणजे साडेतीन दिवसांहून थोडे जास्त. १४ मधून तेवढे वजा केले की येते १० जानेवारी. म्हणजे पानिपतावर मराठ्यांनी संक्रांत चार दिवस आधीच अनुभवली होती.

मुले लगेच विचारतात, ‘तुमचं गणित बरोबर कशावरून?’ विचारलेच पाहिजे. पडताळा घ्या. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा आणि तो दिवस मकरसंक्रांतीचा होता, हे नोंदलेले आहे. २०२१ च्या आधी १५८ वर्षे. १५८ भागिले ७२, म्हणजे दोन दिवसांहून थोडे जास्त. १४ मधून दोन गेले, १२ उरले. जुळले. याच गणितातून आणखी दोन समज गळून पडतात. ‘संक्रांत नेहमी १४ जानेवारीलाच असते’ हा एक. हल्ली ती बऱ्याच वर्षी १५ ला येते. ‘संक्रांतीपासून दिवस मोठा होऊ लागतो’ हा दुसरा. दिवस मोठा होऊ लागतो २१-२२ डिसेंबरपासूनच. फार पूर्वी संक्रांत आणि उत्तरायण एकत्र यायचे, पुढे ती दर ७२ वर्षांना एक दिवस या चालीने लांबली. तिळगूळ मात्र थंडीत खायचा असतो, त्याला या गणिताची बाधा नाही.

आता आपल्या जिल्ह्याचे पाहू. ‘१९५५ साली भंडारा कोणत्या राज्यात होते?’ पुण्या-मुंबईकडून आलेला पाहुणा ‘मुंबई राज्यात’ म्हणेल आणि फसेल. तेव्हा भंडारा मध्य प्रदेशात होते आणि त्या मध्य प्रदेशाची राजधानी होती नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्याला जोडला गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. पुरावा घरातच सापडेल. आजोबांचा शाळेचा दाखला किंवा जमिनीचा जुना कागद काढायला सांगा आणि त्यावर कोणत्या राज्याचे नाव आहे ते वाचायला लावा. ज्या मुलाने असा कागद आणला त्याला आम्ही मंचावर बोलावतो. पुढे १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. म्हणून जुन्या पुस्तकातली ‘भंडारा जिल्ह्यातील तालुके’ ही यादी आज निम्मी चुकीची ठरते.

‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्यातून लोकसभेवर निवडून आले होते’ असे सांगणारे भेटतात. ते १९५४ च्या पोटनिवडणुकीत येथून उभे होते, पण पराभूत झाले. त्या वेळी ते राज्यसभेचे सदस्य होते. ‘वैनगंगा गोदावरीला मिळते’ हेही अर्धे खरे. मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात उगम पावलेली वैनगंगा आधी वर्धेला मिळते, तिथून त्या प्रवाहाला प्राणहिता म्हणतात आणि ती प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते.

‘मामा तलाव’ हे नाव ऐकून लहान मुले आईच्या भावाचा तलाव समजतात. खरे तर ते ‘माजी मालगुजारी’ या दोन शब्दांचे आद्याक्षरी रूप आहे. कोहळी समाजाने बांधून काढलेले हे तलाव मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, ताब्यात होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि कागदावर ‘मा.मा. तलाव’ असे लिहिले जाऊ लागले. पुढे टिंब पुसले गेले आणि मामा उरला. या प्रश्नाला जोडून तलावाची पाळ आणि तुडूम दाखवायला मुलांना घेऊन जा. पाणी कुठून सुटते हे पाहिल्यावर त्यांचे प्रश्न आपल्यापेक्षा चांगले निघतात.

भरतीची तयारी करणाऱ्यांना सतावणारे दोन प्रश्न झटपट सांगतो. भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता? अधिकृतपणे कोणताच नाही. २०१२ साली माहितीच्या अधिकारात विचारले तेव्हा क्रीडा मंत्रालयाने तसेच कळवले. राष्ट्रभाषा कोणती? घटनेत तो शब्दच नाही. कलम ३४३ देवनागरीतील हिंदीला संघराज्याची ‘राजभाषा’ म्हणते. परीक्षेत पर्याय बघून लिहा, स्पर्धेत मात्र कलम सांगणाऱ्याला दोन गुण.

तिसरा डबा : आजीला विचारा

‘पोळा कोणत्या महिन्यात येतो?’ आपल्याकडे श्रावणातल्या पिठोरी अमावास्येला. पण काही भागांत भाद्रपदाच्या अमावास्येलाही पोळा असतो, आणि सातारा-सांगली-कोल्हापूरकडे बैलांचा सण म्हणजे बेंदूर, तो श्रावणाच्या आधीच होऊन जातो. म्हणून प्रश्न असा लिहा, ‘विदर्भात पोळा कोणत्या तिथीला असतो?’ एक शब्द वाढला की भांडण मिटते.

पोळ्याच्या दिवशी बैल सजलेले असतात, तेव्हा पहिल्या डब्यातला एक प्रश्न इथे बसवता येतो. बैलाला लाल रंग पाहून राग येतो का? गाईबैलांच्या डोळ्यांत लाल रंग वेगळा ओळखणारी यंत्रणा नसते. ते बिथरतात ते फडकणाऱ्या कापडाच्या हालचालीने आणि गोंगाटाने. लाल झूल घालून शांत उभी असलेली जोडी हाच पुरावा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, झाडीत काही ठिकाणी तिला नारबोद म्हणतात. नागपूरची काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असे सांगतात. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना सामील झालेली भोसल्यांची राणी बाकाबाई, असा अर्थ लावला जातो. रोगराई गावाबाहेर घालवण्याची जुनी रीत, असाही. इथे ‘मारबत कोणाचे प्रतीक आहे?’ असा एका ओळीचा प्रश्न विचारू नका. ‘मारबतीबद्दल सांगितला जाणारा एक अर्थ सांगा’ असा विचारा. परंपरेत ‘असे सांगतात’ हे शब्द पळवाट नसतात, ती खरी नोंद असते.

‘सार्वजनिक गणेशोत्सव कोणी सुरू केला?’ या प्रश्नावर पुण्यात अजून वाद आहे. लोकमान्य टिळक आणि १८९३ हे एक उत्तर, भाऊसाहेब रंगारी आणि १८९२ हे दुसरे. ‘गणेशोत्सवाला चळवळीचे व्यापक रूप कोणी दिले?’ असे विचारले तर उत्तर निर्विवाद आहे.

दसऱ्याला सोने म्हणून काय वाटता, तेही तपासा. बाजारात आपट्याच्या नावाखाली कांचनाची पाने सर्रास विकली जातात. दोन्ही पाने मंचावर आणा. आपट्याचे पान लहान, जाड, खरखरीत आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचे मोठे, पातळ, मऊसर. हातात घेतल्यावर आंधळी कोशिंबीर खेळतानाही ओळखू येते. याच दिवशीचा इतिहासाचा प्रश्न जोडा. धम्मचक्र प्रवर्तन दिन काही जण १४ ऑक्टोबरला, तर काही दसऱ्याला का पाळतात? १९५६ साली दसरा १४ ऑक्टोबरलाच होता. पुढे तारीख जागेवर राहिली, तिथी सरकत राहिली.

दिवाळीत मोबाइलवर एक चित्र हमखास फिरते, ‘नासाने टिपलेला दिवाळीच्या रात्रीचा भारत’. रंगीबेरंगी ठिपक्यांनी उजळलेला. ते दिवाळीचे नाहीच. वेगवेगळ्या वर्षांच्या रात्रीच्या उपग्रहचित्रांना वेगवेगळे रंग देऊन, दिवे कुठे कसे वाढत गेले हे दाखवणारा तो नकाशा आहे. मुलांना विचारा, आपण दिवे लावतो ते पिवळे. मग चित्रात निळे-हिरवे पट्टे कुठून आले? चित्राकडे नीट पाहणे हाही ‘कशावरून’चाच एक प्रकार आहे.

उत्तरांनाही मुदत असते

औषधाच्या पाकिटावर तारीख पाहतो तशी प्रश्नसंचावरही पाहावी. जुन्या पुस्तकात ग्रह ९ असतात. २००६ पासून प्लूटो त्या यादीत नाही. राज्ये २९ असतात. ३१ ऑक्टोबर २०१९ पासून २८ आहेत. महाराष्ट्रातले जिल्हे ३५ असतात; १ ऑगस्ट २०१४ ला पालघर झाला आणि ३६ झाले. शिवजन्माचे साल १६२७ असते. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीने तो हिशेब बदलला आणि आज फाल्गुन वद्य ३, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख राज्य सरकारने मानली आहे. एखाद्या आजोबांनी १६२७ सांगितले तर ‘चूक’ म्हणण्याआधी त्यांना विचारा, ‘तुमच्या पुस्तकात असे होते ना?’ त्यांनाही एक गुण द्यायला हरकत नाही. चिठ्ठीच्या मागे ‘तपासले’ असे लिहून महिना आणि साल टाकायची सवय लावा.

स्पर्धा अशी आखा

चार संघ पुरे, प्रत्येकात तिघे. एक शाळकरी मूल, एक भरतीची तयारी करणारा तरुण किंवा तरुणी आणि एक पन्नाशीच्या पुढचे माणूस. तिसरा गडी असल्याशिवाय तिसरा डबा उघडू नका. तीन फेऱ्या, दर फेरीत आठ प्रश्न, म्हणजे दीड तासात आटोपते. त्याहून लांबवले तर बायाबापड्या स्वयंपाकाला निघून जातात.

प्रश्न दोनदा वाचा. उत्तर बोलीत आले तर बोलीतच घ्या, ‘प्रमाण भाषेत सांग’ म्हणू नका. ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्याला शून्य, चुकीचे ठासून सांगणाऱ्यालाही शून्य. वजा गुण ठेवले तर लहान मुले तोंड उघडत नाहीत. ‘मोबाइलवर आहे’, ‘पुस्तकात आहे’ ही ‘कशावरून’ची उत्तरे धरू नका. त्या पुस्तकाला कशावरून कळले, तिथपर्यंत जावे.

आक्षेपाचा हक्क प्रेक्षकांनाही द्या. ज्याला उत्तर चुकीचे वाटते त्याने चिठ्ठीवर कारण लिहून द्यावे. मंचावर वाद घालू नये, निकाल दुसऱ्या दिवशी आरतीनंतर सांगावा. आक्षेप खरा निघाला तर गुण तर द्यावेतच, शिवाय आक्षेप घेणाऱ्याचे नाव माइकवरून वाचावे. आमच्याकडे बक्षिसापेक्षा याचीच ओढ जास्त असते.

आणि एक गोष्ट नक्की करा. निम्मे प्रश्न आपल्याच तालुक्याचे असू द्या. विकतच्या पुस्तकात ते मिळणार नाहीत, तुम्हालाच करावे लागतील. सुरुवात गावाच्या नावापासून करा. ‘दिघोरी कुठे आहे?’ असे विचारले तर नागपूरकर उमरेड रोडवरचे दिघोरी सांगेल आणि तो चुकणार नाही. आपली दिघोरी लाखांदूर तालुक्यातली, तिच्या नावापुढे ‘मोठी’ लिहितात. का लिहितात, ही मोठी तर लहान कोणती? हा प्रश्न मी यंदाच्या पहिल्या चिठ्ठीवर लिहिला आहे आणि चिठ्ठीची मागची बाजू कोरी ठेवली आहे. मंडईचे उत्तर देणारी ती मुलगी आता अकरावीत आहे. ती चिठ्ठी तिच्या संघाकडे जाईल.